बोक्याची लघवी पुन्हा पुन्हा अडते तेव्हा

पुण्यातल्या कोथरूडहून आलेल्या प्रश्नाचा आशय असा आहे. मन्या हा पाच वर्षांचा, नसबंदी केलेला, साडेसहा किलो वजनाचा बोका. गेल्या आठ महिन्यांत त्याला तीनदा लघवीचा त्रास झाला. पहिल्या दोन वेळी लिटर बॉक्समध्ये सारखे जाऊन बसणे, थेंबथेंब लालसर लघवी, मग अँटिबायोटिकचे इंजेक्शन आणि पाच-सहा दिवसांत आराम असा क्रम होता. तिसऱ्या वेळी लघवी पूर्ण तुंबली, भूल देऊन कॅथेटर (लघवी काढण्याची बारीक नळी) घालावा लागला आणि दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले. घरी येऊन आता चार दिवस झाले आहेत. खाणे मुख्यतः कोरडे, कधी दूध, कधी सुके बोंबील. सोसायटीत टँकरचे पाणी येते. गेल्या दिवाळीपासून घरात दुसरे मांजर आले आहे. हा त्रास पाण्यामुळे होतो का, शेजारी म्हणतात तशी ही उन्हाळी आहे का, लघवीत क्रिस्टल (स्फटिक) सापडले म्हणून लिहून दिलेले महाग खाद्य आयुष्यभर चालवायचे का, आणि ऑपरेशनने हे कायमचे मिटेल का, असे चार प्रश्न विचारले आहेत.

कॅथेटर काढल्यानंतरचे पहिले आठ-दहा दिवस सर्वांत नाजूक असतात, म्हणून आधी त्यांच्याबद्दल लिहितो. अडथळा निघाला तरी मूत्रमार्गाची सूज आणि तिथल्या स्नायूंची आकडी लगेच ओसरत नाही. बोक्याचा मूत्रमार्ग लांब असतो आणि टोकाकडे फारच अरुंद होत जातो. श्लेष्मा, पेशी आणि बारीक स्फटिक यांच्या लहानशा गठ्ठ्याने, कधी नुसत्या आकडीनेही तो बंद पडतो. मांजरीचा मार्ग आखूड आणि रुंद असल्यामुळे तिला जळजळ, रक्त, वारंवारता हे सगळे होते, पण लघवी सहसा तुंबत नाही.

या काळात मन्या लिटरमध्ये किती वेळा गेला यापेक्षा दर वेळी प्रत्यक्ष किती लघवी बाहेर पडली हे पाहावे. गोळे बांधणारे लिटर वापरत असाल तर हे सोपे आहे. निरोगी बोका दिवसातून साधारण दोन ते चार वेळा लघवी करतो आणि गोळे चांगले मोठे निघतात. एकाच दिवशी आठ-दहा बारीक गोळे निघाले तर मूत्राशयाचा दाह चालू आहे असे समजून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. तो कुंथतो आहे, ओरडतो आहे, सारखा मागचा भाग चाटतो आहे आणि लिटर मात्र कोरडेच आहे, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नये. पुष्कळ घरांत हे कुंथणे बद्धकोष्ठ समजले जाते आणि तूप किंवा एरंडेल पाजण्यात निम्मा दिवस जातो. बोका कुंथताना दिसला की लघवीचीच शंका आधी घ्यावी. पोट दाबून पाहण्याचा मोह टाळावा. तुंबलेले मूत्राशय कच्च्या मोसंबीसारखे टणक लागते आणि घरच्या दाबाने ते फुटू शकते.

एवढी घाई का, हे सांगितले पाहिजे. लघवी पूर्ण तुंबली की साधारण एका दिवसात मूत्रपिंडांचे काम मंदावते, रक्तातला युरिया आणि पोटॅशियम वाढत जाते, बोका उलट्या करतो, खाणे सोडतो, गार पडतो. वाढलेले पोटॅशियम हृदयाची गती मंद करते आणि दोन-तीन दिवसांत प्राणावर बेतते. म्हणूनच अशा बोक्याला दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर कधी आधी सलाईन लावतात, कॅल्शियम ग्लुकोनेट देतात, ग्लुकोज आणि इन्सुलिन देतात आणि कॅथेटरला नंतर हात घालतात. ‘लघवी अडली आहे आणि हे सलाईन काय चढवतात’ असा राग नातेवाईकांना येतो, पण भूल सोसण्याइतके हृदय स्थिर नसेल तर अडथळा काढतानाच बोका दगावू शकतो. रात्री मांजरांवर उपचार करणारा दवाखाना कोणता, तिथे डॉक्टर प्रत्यक्ष हजर असतात का, पोटॅशियमची तपासणी तिथल्या तिथे होते का, हे आजच फोन करून विचारून ठेवा. गणपतीच्या दिवसांत पेठांमधले रस्ते बंद असतात, तेव्हा कोणत्या बाजूने जायचे तेही ठरलेले असावे. आणि बोक्याला पिशवीत घालून स्कूटरवरून आणू नये. टॉवेल झाकलेली पेटी बरी.

आता उन्हाळीबद्दल. माणसाला उन्हाळी लागली की धने-जिऱ्याचे पाणी, ताक, नारळपाणी हे आपले ठरलेले उपाय आहेत, आणि शेजाऱ्यांच्या सल्ल्यामागचा जिव्हाळा मी समजू शकतो. परंतु नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असते आणि लघवी तुंबलेल्या बोक्याच्या रक्तात नेमके तेच साठत असते, तेव्हा त्या अवस्थेत ते पाजणे घातक आहे. जबरदस्तीने पाणी पाजण्यानेही तुंबलेला मार्ग उघडत नाही. वेदना आहेत म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नये; मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही आणि एखादी गोळीही जिवावर उठते.

पहिल्या दोन वेळी इंजेक्शनने गुण आला असे तुम्हाला वाटते, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. माझे मत वेगळे आहे. तरुण व मध्यमवयीन मांजरांच्या लघवीच्या त्रासात निम्म्याहून अधिक वेळा जंतू, खडा, गाठ यांपैकी काहीच सापडत नाही. मूत्राशयाचा दाह असतो, पण बाहेरचे कारण दिसत नाही. अशा दाहाचा झटका बहुतेक वेळा औषधाविनाही सुमारे आठवड्याभरात ओसरतो. ज्या दिवशी त्रास शिगेला असतो त्याच दिवशी आपण दवाखान्यात जातो, त्याच दिवशी इंजेक्शन मिळते आणि ओसरण्याचे श्रेय त्याला जाते. जंतुसंसर्ग खरोखर असतो तो प्रामुख्याने दहा वर्षांपुढच्या, मूत्रपिंड कमकुवत झालेल्या किंवा मधुमेही मांजरांत, अथवा नुकताच कॅथेटर घातलेल्यांत. मन्याच्या वयात कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी) न करता तिसऱ्यांदा अँटिबायोटिक देण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही, आणि त्याचा खरा तोटा असा की मूळ कारणाकडे पाहणे दर वेळी पुढे ढकलले जाते.

हे मूळ कारण मूत्राशयात जितके आहे तितकेच मज्जासंस्थेतही आहे. अशा मांजरांच्या मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावरचा संरक्षक थर विरळ असतो, तिथल्या संवेदना वाहणाऱ्या नसा सहज चेतावतात आणि ताणाच्या प्रसंगी त्यांची मज्जासंस्था प्रमाणाबाहेर प्रतिसाद देते. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात पशुवैद्यक टोनी बफिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर अनेक वर्षे काम केले. त्यातून पुढे आलेली गोष्ट अशी की नुसत्या औषधापेक्षा मांजराचे राहणीमान बदलल्याने झटके अधिक कमी होतात. पुण्यातल्या पालकांना हे सांगितले की बरेच जण हसतात. घरात बसून खाणाऱ्या बोक्याला कसला आलाय ताण, असा त्यांचा प्रश्न असतो.

तुमच्या पत्रातच त्याचे उत्तर आहे. दिवाळीला दुसरे मांजर आले आणि त्यानंतरच्या आठ महिन्यांत तीन झटके आले. दोघे भांडत नाहीत असे तुम्ही लिहिले आहे, परंतु मांजरांचे वैर पुष्कळदा आवाजाविना चालते. एक जण पॅसेजच्या तोंडाशी नुसता बसून राहतो आणि दुसरा लिटरपर्यंत जायचे टाळतो. माणसाला ते दोघे शांत दिसतात. मन्या अलीकडे कपाटावर जास्त बसतो का, जेवताना मागे वळून पाहतो का, दुसरा खोलीत आला की उठून जातो का, हे आठवडाभर पाहा. दोघांची भांडी एकमेकांना दिसणार नाहीत अशी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा, मन्याला चढून बसायला उंच जागा आणि लपायला एखादे खोके द्या, आणि दररोज ठरल्या वेळी दहा-पंधरा मिनिटे त्याच्याशी एकट्याशी खेळा. श्रावणात नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो तेव्हापासून दिवाळीच्या फटाक्यांपर्यंतचा काळ आपल्या शहरातल्या बुजऱ्या मांजरांना जड जातो. पावसाळ्यात कमी पाणी पिणे, दारे बंद असणे हीही कारणे त्यात मिसळलेली असतात, म्हणून सगळा दोष ढोलांवर टाकत नाही. पण त्या दिवसांत आतल्या खोलीत, खिडकी-पडदा लावून, ओळखीच्या पांघरुणासह त्याची सोय केलेली बरी. घराला रंग काढणे, फर्निचर हलवणे, मे महिन्यातले पाहुणे हेही त्याच यादीत येतात.

लिटर बॉक्स हा या आजारातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. आपल्या फ्लॅटमध्ये तो हमखास ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी सरकवलेला असतो. लघवीला जळजळ होत असताना एकदा जरी शेजारचे मशीन पाणी काढण्यासाठी घुरघुरले, तरी बोका त्या जागेचा धसका घेतो. दोन मांजरांना तीन बॉक्स हवेत आणि ते तीन ठिकाणी हवेत. एकाला एक लावून ठेवलेले बॉक्स मांजराच्या हिशेबी एकच. बॉक्सची लांबी मांजराच्या लांबीच्या दीडपट असावी, झाकण नसावे, लिटरला सुगंध नसावा, आणि दिवसातून किमान एकदा साफ करावे. साडेसहा किलोच्या बोक्याला बाजारातले बहुतेक बॉक्स अपुरे पडतात. प्लॅस्टिकचे मोठे उथळ टब त्याहून स्वस्तही मिळतात आणि चांगलेही ठरतात. मन्या मध्येच मोरीत किंवा बेसिनमध्ये लघवी करतो असे तुम्ही लिहिले आहे. गार, गुळगुळीत जागा शोधणे हे दाहाचेच लक्षण असते, त्याबद्दल त्याला रागावू नये. तसेच ती जागा फिनेलने पुसू नये. फिनॉलयुक्त जंतुनाशके मांजरांना विषारी असतात, आणि पाय चाटताना ती पोटात जातात. साबणाचे पाणी पुरेसे आहे.

आता टँकरच्या पाण्याकडे येतो. बोअरचे किंवा टँकरचे पाणी जड असते, बादल्यांवर पांढरा थर बसतो, मग तेच क्षार बोक्याच्या मूत्राशयात बसत असणार, असा तर्क सहज केला जातो. प्रत्यक्षात मांजराच्या शरीरात जाणारे मॅग्नेशियम, फॉस्फरस आणि कॅल्शियम यांचा फार मोठा वाटा खाण्यातून येतो, पाण्यातून येणारा त्यापुढे किरकोळ असतो. गाळलेले पाणी दिल्याने मन्या ते आवडीने पीत असेल तर अवश्य द्यावे. कोणते पाणी, यापेक्षा किती पाणी पोटात जाते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले. भक्ष्यातूनच त्यांना बहुतेक पाणी मिळत असे आणि तहान लागण्याची त्यांची जाणीव मंद राहिली. हिशेब करून पाहा. मांजराला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 50 मिलिलिटर पाणी लागते, त्यात अन्नातले पाणीही आले. मन्याचे योग्य वजन पाच किलो धरले तरी ते 250 मिलिलिटर होते. 60 ग्रॅम कोरड्या खाद्यात जेमतेम 6 मिलिलिटर पाणी असते, तर 85 ग्रॅमच्या एका ओल्या पाऊचमध्ये 65 ते 70 मिलिलिटर. कोरडे खाणारे मांजर पाणी जास्त पिते हे खरे, पण ही तूट पूर्ण भरून काढत नाही, आणि लघवी घट्ट राहते. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा दाहाच्या मांजरांना एकाच प्रकारचे खाद्य ओल्या किंवा कोरड्या स्वरूपात वर्षभर दिले गेले. ओले खाणाऱ्यांपैकी 11 टक्क्यांना आणि कोरडे खाणाऱ्यांपैकी 39 टक्क्यांना त्रास पुन्हा झाला. माझ्या अनुभवात दुसऱ्या कोणत्याही एका उपायाने इतका फरक पडत नाही.

ओल्या खाण्याची सवय हळूहळू, तीन-चार आठवड्यांत लावावी. मन्याने नवे खाणे नाकारले म्हणून त्याला उपाशी ठेवू नये, कारण लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस न खाता राहिले तर यकृतात चरबी साठून नवाच आजार उभा राहतो. पाऊचमध्ये दोन-तीन चमचे कोमट पाणी मिसळावे. मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेल्या कोंबडीचे पाणी बहुतेक बोके आवडीने पितात. पाण्याची भांडी रुंद असावीत, जेवणाच्या व लिटरच्या जागेपासून दूर असावीत. दूध बंद करावे. बऱ्याच प्रौढ मांजरांना त्याने जुलाब होतात आणि शरीरातले पाणी उलट कमी होते. सुके बोंबील व सुकट खारट आणि खनिजांनी भरलेले असतात, तेही नकोत. आपल्याकडे काही शाकाहारी घरांत मांजराला दूध-पोळी, दहीभात यांवरच वाढवले जाते. तुमचे घर त्यातले नाही, तरी लिहून ठेवतो की मांजर हा निखळ मांसाहारी प्राणी आहे आणि वनस्पतिजन्य आहाराने त्याची लघवी अल्कलीयुक्त होते, जी स्ट्रुव्हाइट (मॅग्नेशियम-फॉस्फेटचे) खडे बनायला पोषक असते.

क्रिस्टल सापडणे म्हणजे खडे असणे नव्हे. घट्ट लघवीत थोडे स्फटिक निरोगी मांजरांतही दिसतात, आणि नमुना फ्रिजमध्ये ठेवला किंवा तासन्‌तास पडून राहिला तर ते बाटलीतच तयार होतात. म्हणून तपासणी ताज्या लघवीची, शक्यतो अर्ध्या-एक तासात व्हावी. नमुना माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिला असेल तर आणखी एक अडचण आहे. तिथल्या पट्टीवरचा पांढऱ्या पेशींचा रकाना मांजराच्या लघवीत भरवशाचा नसतो, आणि घट्टपणाचाही नसतो. घट्टपणा रिफ्रॅक्टोमीटर या मोजणीच्या उपकरणावरच पाहावा लागतो. कल्चर हवे असेल तर सोनोग्राफीखाली सुईने थेट मूत्राशयातून काढलेला नमुना सर्वांत शुद्ध.

खडा आहे की नाही हे एक्स-रे आणि सोनोग्राफी सांगतात. मन्याचा एक्स-रे झाला की नाही याचा पत्रात उल्लेख नाही. झाला नसेल तर तो करून घ्या, कारण विशेष खाद्याचा निर्णय त्यावर अवलंबून आहे. स्ट्रुव्हाइटचे खडे असतील तर लघवी आम्ल करणारे खाद्य त्यांना बहुतेक वेळा काही आठवड्यांत विरघळवते, पण त्यासाठी ते आणि तेवढेच खाल्ले गेले पाहिजे; वर मुठीभर दुसरे दाणे घातले की उपयोग संपतो. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे कोणत्याही खाद्याने, काढ्याने किंवा माणसांच्या मूतखड्याच्या गोळीने विरघळत नाहीत, ते काढावेच लागतात. पर्शियन मांजरांत ते विशेष आढळतात. खडा नसेल आणि निदान नुसत्या दाहाचे असेल, तर ते खाद्य ओल्या स्वरूपात काही महिने देऊन नंतर चांगल्या दर्जाच्या साध्या ओल्या आहारावर येण्याबाबत डॉक्टरांशी बोलता येईल. ज्यांची मूत्रपिंडे बिघडली आहेत अशा मांजरांना आणि पिल्लांना मात्र ते मनाने सुरू करू नये. वजन मात्र उतरवले पाहिजे, दर आठवड्याला एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे मन्यासाठी 60-65 ग्रॅम. याहून घाई नको.

झटक्यात सर्वांत उपयोगी औषध वेदनाशामक असते. दुखल्यामुळे मार्गाची आकडी वाढते आणि आकडीमुळे लघवी अडते, ते चक्र त्याने तुटते. गॅबापेंटिनसारखी औषधे डॉक्टर वजनाप्रमाणे देतात. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक मात्र शरीरात पाणी कमी असलेल्या किंवा नुकतीच लघवी तुंबून गेलेल्या बोक्यात मूत्रपिंडांना धोक्याचे असते, तेव्हा उरलेली जुनी बाटली परस्पर वापरू नये. ग्लुकोसामाइनच्या पुड्यांवर पैसे घालवू नका. चाचण्यांत त्यांचा फायदा दिसलेला नाही. फेरोमोनचे (मांजरांना शांत करणारा गंध सोडणारे) यंत्र दुसऱ्या मांजरामुळे येणाऱ्या तणावासाठी लावून पाहायला हरकत नाही, मोठ्या अपेक्षा ठेवू नयेत. नसबंदीमुळे मार्ग अरुंद राहिला असाही समज आहे. मोजमापांतून त्याला आधार मिळालेला नाही. नसबंदीनंतर हालचाल घटून वजन वाढते, तेवढा संबंध खरा आहे.

राहता राहिले ऑपरेशन. त्यात मूत्रमार्गाचा टोकाकडचा अरुंद भाग काढून रुंद तोंड तयार करतात. त्याने लघवी तुंबण्याचा धोका पुष्कळ कमी होतो, पण मूत्राशयाचा दाह तसाच राहतो; रक्त, जळजळ, वारंवारता येऊ शकतात, आणि नव्या रुंद मार्गाने पुढे खरा जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण वाढते. म्हणून वारंवार तुंबणाऱ्या, किंवा कॅथेटर जातच नाही अशा बोक्यांसाठी मी ते सुचवतो. मन्याची लघवी एकदाच तुंबली आहे आणि आहार, लिटर, दुसरे मांजर या तिन्ही बाजूंनी अजून काहीच केलेले नाही, तेव्हा आता त्याचा आग्रह धरणार नाही. येत्या आठवड्यात लघवीची ताजी तपासणी आणि मूत्रपिंडांची रक्ततपासणी करून घ्या, कॅथेटर होता म्हणून या वेळी कल्चरही करा, आणि एक्स-रेमध्ये खडा दिसला तर चार आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढा. हे सगळे बदल करूनही पुढच्या काही महिन्यांत लघवी दुसऱ्यांदा तुंबली, तर मात्र शस्त्रक्रियेसाठी मांजरांचे हे ऑपरेशन नियमित करणाऱ्या शल्यचिकित्सकाकडेच जा.